टगवर गेलेल्या श्रीधरला

श्रीधर,

आज शनिवार. संध्याकाळी आठला, म्हणजे नागपुरात रविवारचे सकाळचे साडेसहा वाजतील तेव्हा, मला तुझ्या आईला फोन करायचाय आणि तू कसा आहेस ते सांगायचंय. तुला जाऊन आज अठ्ठावीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी मावशीला चार फोन केले. पहिला तू गेलास त्याच दिवशी संध्याकाळी. चारही वेळा सांगितलं की तू टगवर आहेस, मजेत आहेस, जेवण वेळेवर होतं.

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. विवेक ईशाला घेऊन स्विमिंगला गेलाय. मला कोणाशी तरी कडकडून भांडायचंय आणि नवऱ्याशी भांडण्यात काही दम नाही, तो लगेच सॉरी म्हणतो. तुझ्यासारखा भांडणारा मावसभाऊ पुन्हा मिळायचा नाही, म्हणून हे तुलाच लिहितेय.

तू इकडे आलास त्याच वर्षी अकरा सप्टेंबरला टॉवर पडले आणि तुझं कॉन्ट्रॅक्ट महिन्याभरात कॅन्सल झालं. चार महिने आमच्या बेसमेंटमध्ये राहिलास. ‘मी बेंचवर आहे हे आईला सांगू नकोस,’ म्हणालास, मी सांगितलं नाही. मावशी विचारायची, ‘ऑफिस दूर आहे का गं त्याचं?’ मी म्हणायचे, ‘नाही, जवळच आहे.’ ते एवढंसं खोटं आपल्याला किती सोपं गेलं होतं. नंतर इथेच, ॲन आर्बरमध्ये, तुला नोकरी लागली आणि आपण ते विसरूनही गेलो.

मग मंडळाची ती पिकनिक. लेक ह्युरॉनच्या काठावर सगळे भेळ कालवत होते, वारा इतका की कुरमुरे उडत होते, आणि तू गावातल्या दोन खोल्यांच्या म्युझियममध्ये जाऊन बसलास. मी बोलवायला आले तर एका फोटोसमोर उभा. फोटो एका टगचा होता. टग म्हणजे बिनइंजिनाच्या मोठाल्या बार्ज दोरखंडानं ओढत नेणारी लहानशी, दणकट आगबोट, हे मला तूच सांगितलंस. नाव ‘एमा ग्रोव्ह’. शंभर वर्षांपूर्वी एका नोव्हेंबरात लाकडानं भरलेल्या दोन बार्ज घेऊन निघाली, वादळात सापडली आणि परत आली नाही. फोटोखाली आठ जणांची नावं होती आणि नवव्या जागी लिहिलं होतं, ‘एक फायरमन, नाव माहीत नाही’. फायरमन म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा घालणारा.

“नऊ माणसं आणि आठ नावं,” तू म्हणालास. “डेटाबेसमध्ये असं फील्ड रिकामं दिसलं ना मधू, तर मला झोप येत नाही यार.”

मला वाटलं, दोन दिवसांचं वेड आहे. तू तीन वर्षं त्या टगच्या मागे होतास. दर शनिवारी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मायक्रोफिल्मवर जुने पेपर वाचायचास आणि तिथून थेट आमच्याकडे जेवायला यायचास. वरणभात कालवता कालवता बॉयलर, शिट्टी, कोळसा. ईशा तर त्या टगला ‘एमाआत्या’ म्हणायला लागली. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख देतो म्हणालास, संपादक काकूंनी पाच पानं दिली, तुझी चाळीस झाली. काकू मला म्हणाल्या, “तुझ्या भावाला सांग, आपल्या अंकात रेसिपी पण टाकायच्या असतात.”

टग कशी बुडाली याचं तुला फारसं कोडं नव्हतं. वादळात कप्तानानं बार्ज सोडून दिल्या, त्या वाहत जाऊन वाळूत रुतल्या आणि त्यांवरची माणसं वाचली. टग दिसेनाशी झाली. तुझा सगळा राग होता तो टगच्या मालकावर. त्यानं आपल्या ऑफिसच्या खिडकीत एक पाटी लावली होती: ‘एमा ग्रोव्ह बेटाच्या आडोशाला सुखरूप आहे. तारा तुटल्यामुळे निरोप येत नाही.’ अकरा दिवस ती पाटी तिथे होती. आणि टगच्या केबिनचं दार, त्यावरच्या नावासकट, तिसऱ्याच दिवशी काठाला लागलं होतं. मालकानं ते गोदामात ताडपत्रीखाली घालून ठेवलं. पुढे चौकशी झाली तेव्हा त्याच्या कारकुनानं हे सांगितलं, म्हणून पेपरात आलं.

त्या बिननावाच्या फायरमनची आई रोज तिथे यायची. तिचंही नाव पेपरात नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून रस्त्यातल्या कोणाला तरी थांबवून ती पाटी वाचून घ्यायची आणि घरी जाऊन मुलासाठी ब्रेड भाजून ठेवायची.

हे तू सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, “म्हणजे अकरा दिवस तिला मिळाले ना रे. तेवढे दिवस तिचा मुलगा होता.”

तू घास खाली ठेवलास. “ते दिवस तिला देणारा तो कोण? ती बाई मेलेल्या मुलासाठी ब्रेड भाजत होती, आणि अख्ख्या गावात एका माणसाला ते माहीत होतं. तो खिडकीतून तिच्याकडे बघत असेल. तुला हे दया वाटतं?”

“दया नाही तर काय? लगेच सांगून काय मिळालं असतं तिला?”

“रडायला मिळालं असतं,” तू म्हणालास आणि ताटावरून उठलास. मला खूप राग आला होता, कारण भरीत मी खास तुझ्यासाठी केलं होतं.

तुझं बरोबर होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. माझी आई गेली तेव्हा पुण्याहून सगळ्यांनी विवेकला बजावलं होतं की माधुरीला ‘सीरियस आहे’ एवढंच सांगून विमानात बसवा. आपल्याकडे असंच करतात. माणूस गेलेलं असतं आणि लेक अर्ध्या जगावरून देवाचा धावा करत येते. डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर तू मला बाजूला घेतलंस, विवेक डोळ्यांनी नको नको म्हणत असताना, आणि म्हणालास, “मधू, मावशी गेली. सकाळीच गेली. खोट्या आशेवर वीस तास बसू नकोस.” मी तुझ्या छातीवर बुक्के मारले होते, आठवतंय? पण विमानात मी माझ्या आईसाठी रडले. मनासारखं रडले. उतरले तेव्हा तिच्याकडे बघायची ताकद माझ्यात होती. ते तू दिलंस मला. तुझे आभार मी कधी मानले नाहीत, आपल्यात ती पद्धत नव्हती.

मग तूच असं का केलंस रे?

आधी तुझा आवाज घोगरा झाला. मंडळाच्या गणपतीत आरतीला फुटेचना, सगळे हसले, तूही हसलास. मग बायॉप्सी. मग तो डॉक्टर शांतपणे म्हणाला की स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आदल्या शनिवारी तू मावशीशी स्पीकरवर बोललास. “घसा बसला का रे?” तिनं विचारलं. “ऑफिसातला एसी गं,” तू म्हणालास. ते तिनं ऐकलेलं तुझं शेवटचं बोलणं. एसी.

ऑपरेशननंतर तुला एक पांढरा बोर्ड आणि काळा मार्कर दिला. मी विचारलं, आता शनिवारी काय करायचं? मावशीला इकडे बोलावून घेऊ? तू लिहिलंस, ‘नाही. तिनं मला असं बघायचं नाही.’ मग तूच नागपूरला जाऊन ये म्हटलं, तर ट्रीटमेंट, इन्शुरन्स, व्हिसाचं स्टॅम्पिंग. शेवटी बोर्ड पुसून लिहिलंस, ‘सांग, टगवर गेलोय.’ तू हसत होतास म्हणून मीही हसले आणि तिला खरं सांगणार नाही असं वचन दिलं. मला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे.

तर श्रीधर डायव्हर लोकांबरोबर टग शोधायला लेकवर गेलाय, तिथे फोन लागत नाही. नागपूरला तुझ्या दादाला खरं काय ते मी सांगून टाकलं होतं, त्यानं आईसमोर माझीच री ओढली. मावशीनं आयुष्यात मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव बघितलेला. “अंबाझरीएवढं असेल ना गं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, थोडं मोठं आहे. मग दर शनिवारी मला तुझ्यासाठी काहीतरी रचावं लागायचं. केबिनमध्ये हीटर आहे. सूप गरम मिळतं. कप्तान म्हातारा आहे, सांभाळून नेतो. डिसेंबरात दादाच्या मुलीनं तिला इंटरनेटवरून वाचून दाखवलं की तिकडचं पाणी गोठतं. “मग बर्फावर बोट कशी चालून राहिली बाप्पा?” मावशीनं विचारलं, आणि मी तुम्हा सगळ्यांना काठावरच्या एका घरात आणून बसवलं, कागदपत्रं वाचायला. ईशा सोफ्यावर बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “मम्मा, व्हाय आर वी लाइंग टू आजी?” मी तिला होमवर्क करायला पाठवलं.

दिवाळीनंतर मावशीनं कोणाबरोबर तरी मफलर पाठवला होता, स्वतः विणलेला, जांभळा. ‘गळ्याला वारा लागू देऊ नको म्हणावं.’ तुझ्या गळ्याला तेव्हा श्वासासाठी भोक होतं. तू तो मफलर मांडीवर घेऊन दिवसभर बसलास. तोंडानं पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, सगळं नळीतून, आणि तू ओल्या स्पंजच्या काडीनं ओठ पुसत त्या मफलरचे टाके मोजत होतास. मला तेव्हाच फोन उचलायला हवा होता.

आणि मग तो शनिवार. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते की आता फुप्फुसांतही आहे, काही आठवडे. तू बोर्डवर लिहिलंस, ‘आज आईला काय सांगणार?’

मी म्हटलं, “खरं.”

तू जोरजोरात मान हलवलीस.

“काही आठवडे आहेत, श्री. तिला तिकीट काढून देऊ. निदान फोनवर तिला तुझ्याशी बोलू दे, तू ऐक नुसतं.”

तू लिहिलंस, ‘नाही. वचन दिलंयस.’

आणि मी म्हणाले ते म्हणाले. “तू आणि तो टगवाला मालक, काय फरक आहे रे दोघांत? तूही दार ताडपत्रीखालीच ठेवलंयस. फक्त या वेळी दार तूच आहेस.”

तू माझ्याकडे बघितलंस. मग बोर्ड हातानंच पुसलास, सावकाश, सगळा. मार्करचं टोपण काढलंस. लिहिलं काहीच नाहीस. मी तशीच उभी राहिले, वाट बघत, आणि मग मला ते सहन होईना. कोट घेतला आणि निघाले. रागानं निघाले, श्रीधर. पार्किंगमधून गाडी काढली, घरी आले, साठलेली भांडी घासली, ईशाला उगाच ओरडले. तीन वाजता हॉस्पिटलमधून फोन आला. काही आठवडे म्हणाले होते ना ते. नर्स म्हणाली, सगळं फार पटकन झालं. तिला दुसऱ्या पेशंटकडून यायला दोन मिनिटं लागली तेवढ्यात झालं. तुझा उजवा तळहात काळा झाला होता, बोर्ड पुसलेला. मी तो साबणानं धुतला, पूर्ण निघाला नाही.

तू काय लिहिणार होतास? मला आता एवढंच कळायला हवंय आणि ते कधीच कळणार नाही. शिवी लिहिली असतीस तरी चाललं असतं. रोज आंघोळ करताना, गाडी चालवताना, मी तो बोर्ड भरत असते. एक दिवस ‘सांग तिला’ लिहितोस, दुसऱ्या दिवशी ‘चालती हो’ लिहितोस.

दादा फोनवर लहान मुलासारखा रडला आणि लगेच सावरला. “मधू, आईला आत्ता नको. पुढच्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे तिचं. रडली तर डोळा जाईल.” म्हणून त्या संध्याकाळीही मी आठ वाजता फोन केला. तुला शवागारात ठेवून घरी आले होते आणि सांगत होते की श्रीचं वजन वाढलंय.

आणि अजून एक आहे, जे तुला मी जिवंतपणी सांगूच शकले नसते. मावशी सोयरसुतक किती कडक पाळते माहीत आहे ना? चुलत दिराच्या सुनेचं असलं तरी देवाला हात लावत नाही. तिच्या स्वतःच्या मुलाच्या सुतकात तिनं रोज पूजा केली. दादानं ऑफिसच्या टूरचं सांगून रामटेकला अंबाळा तलावावर तुझं दिवसकार्य सगळं उरकलं, आणि घरी तिनं संक्रांतीचा तिळगूळ केला. देवापुढे ठेवला. तुझा वाटा डब्यात काढून ठेवला, कोणी येणारं असलं तर पाठवायला. दादानं तो तिळगूळ तिच्या हातून खाल्ला. मला हे सांगताना तो म्हणाला, “घशाखाली उतरेना मधू, पण ती समोर उभी होती.” तिला कळेल तेव्हा तू गेल्याच्या बरोबरीनं हे लागणार आहे. आम्ही तिला तिच्या देवासमोर खोटं पाडलं.

परवा तुझा लॅपटॉप उघडला. टगची फाइल होती. मालकाचं प्रकरण काढलं, ते रागानं लिहिलेलं, मला वाचून दाखवलेलं, चार पानांचं. चारही पानं पुसलेली. एकच ओळ होती: ‘हे पुन्हा लिहायचं आहे.’ फाइलवर तारीख ऑपरेशननंतरची. पुन्हा म्हणजे कसं लिहिणार होतास? त्याला माफ करणार होतास, की स्वतःला पकडणार होतास? मी तासभर त्या ओळीकडे बघत बसले. फायरमनचं नाव तर तुला अखेरपर्यंत मिळालंच नाही.

मोतीबिंदूला आता तीन आठवडे झाले. दादा म्हणतो, होळी होऊन जाऊ दे. होळीनंतर तो म्हणेल पाडवा. मला कळून चुकलंय की याला शेवट नाही, आणि माझ्यात आता तुझ्यासाठी सूप गरम करायची ताकद राहिलेली नाही. आज मी सांगणार आहे. दादा माझं तोंड बघणार नाही, नको बघू दे. वचन मोडतेय. तू थांबवायला ये, येता येत असेल तर.

*

इथवर काल दुपारी लिहिलं. आता रविवारची सकाळ आहे.

आठला फोन लावला. मावशीनंच उचलला, दादा झोपलेला होता. “बोल गं. कसा आहे तो?”

मी म्हटलं, “मावशी, खाली बस.”

“बसलीच आहे मी.”

मग मी सांगितलं. सगळं नाही, पण खरं सांगितलं. आजार, ऑपरेशन, आवाज, टगवर कधी गेलाच नव्हता ते. कधी गेलास तो दिवस. मला वाटलं फोन कट झाला. मी दोनदा मावशी, मावशी केलं.

“ऐकून राहिली,” ती म्हणाली. मग, “म्हणजे संक्रांतीला...”

“हो.”

“दादाला माहीत होतं?”

“हो.”

“सगळ्यांना माहीत होतं.”

मी हो म्हटलं. मी म्हटलं, मावशी, मला शिव्या दे, फोन आपट, काहीही कर. तिच्या मागे नळाचं पाणी आल्याचा आवाज येत होता, बादलीत पडत होतं, ते बंद करायला ती उठली नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती ब्रेड भाजणारी आणि तुझी आई, दोघी होत्या, श्रीधर, आणि मला वाटलं की मी एकदाचं खरं बोलले, आता यातून जे व्हायचं ते होऊ दे. त्या क्षणी मला तुझ्यासमोर ताठ उभं राहता आलं असतं.

मग तिनं विचारलं, “मधू, शेवटी जवळ कोण होतं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“एकटा नव्हता ना गं? तोंडात पाणी कोणी घातलं त्याच्या?”

“मी,” मी म्हणाले. “मी होते ना, मावशी. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी घातलं पाणी. दोन चमचे प्यायला.”

“प्यायला?”

“हो. नीट प्यायला.”

“बरं केलंस गं बाई,” मावशी म्हणाली, आणि मग ती रडायला लागली.